उभं आलेलं पाणी

रविवारी सकाळी मल्लाप्पा माळ्यावरचा ताडपत्रीचा गठ्ठा खांद्यावर घेऊन शिडी उतरत होता. शेवटच्या तीन पायऱ्या राहिल्या असताना आधी गठ्ठा खाली आला आणि त्याच्या मागोमाग मल्लाप्पा. गठ्ठ्यावरच पडला म्हणून कंबर वाचली, पण उजवा हात अंगाखाली गेला आणि मनगटात कट्‌दिशी वाजलं.

“वाजलं बघ,” तो पडल्या जागेवरूनच म्हणाला.

चंद्राबाई पिठाच्या हातानं आतून धावत आली. “काय वाजलं?”

“हात.”

“मला वाटलं शिडी मोडली,” असं म्हणत तिनं आधी शिडी हलवून बघितली, मग नवऱ्याला उठवलं.

दुकानाच्या मधल्या भागात मशीन चालू होतं. मशीनवर बसलेल्या धनक्कानं हातातली शिवण शेवटाला नेली, दोरा दातानं तोडला आणि मगच मान वर केली. मल्लाप्पाचा हात बघून ती म्हणाली, “अण्णा, मोडलाय हो. डॉक्टरकडं जावा. आणि येताना जाड दोऱ्याची चार रिळं आणा.”

बेंगळूरच्या शिवाजीनगर बसस्टँडमागच्या बोळात हे दुकान पन्नास-साठ वर्षांचं. मल्लाप्पाचा बाप अप्पासाहेब निपाणीकडून आला आणि त्यानं इथं ताडपत्र्या शिवायला सुरुवात केली. पुढं दुकान, मध्ये मशीन, मागं चूल आणि वर माळा. घरात माणसं तीन. साठीचा मल्लाप्पा, त्याची बायको चंद्राबाई आणि मल्लाप्पाची बहीण धनलक्ष्मी. तिला सगळा बोळ धनक्का म्हणायचा. तिचं वय चोपन्नच्या आसपास. लग्नाचं विचारलं तेव्हा लग्न नको, मशीन पाहिजे म्हणाली. अप्पासाहेबानं मशीन आणून दिलं. ते अजून चालत होतं.

दुपारी मल्लाप्पा कोपरापर्यंत प्लास्टर घालून परत आला. सहा आठवडे हात हलवायचा नव्हता. आणि बुधवारी दुपारी बारा वाजता दोनशे ताडपत्र्या लॉरीत चढायच्या होत्या.

“आता काय करायचं गं धने?”

“करायचं काय त्यात? सहातला एक हात गेला. पाच उरलेत.”

बाहेर पावसाची बुरबुर लागली होती. बंगालच्या उपसागरात वादळ तयार होत होतं आणि त्याचं गार वारं बेंगळूरपर्यंत आलं होतं. चंद्राबाईची लुगडी दोन दिवस दोरीवर ओलीच होती. शुक्रवारी वादळ आंध्रच्या किनाऱ्याला धडकणार, असं टीव्हीवर सांगत होते. ताडपत्र्या तिकडंच जायच्या होत्या, समुद्रकाठच्या एका खेड्यातल्या शाळेत.

ऑर्डर दिली होती सुखदानं. ही तिशीतली पुण्याची पोरगी इंदिरानगरच्या एका ऑफिसात कामाला होती. त्या खेड्यातल्या शाळेची बाई वसुमती ही तिची कॉलेजातली मैत्रीण. म्हणून सुखदानं ऑफिसात सगळ्यांच्या मागं लागून ऑफिसच्या पैशातनं ही मदत ठरवली होती. संध्याकाळी ती काम बघायला आली. मल्लाप्पाचा हात बघून दारातच थबकली.

“अय्यो! काका, हे काय झालं?”

“काय न्हाई. गठ्ठा उतरायला घाई करत होता, मी सोबत गेलो.”

सुखदा हसली, पण तिचं लक्ष मशीनकडं गेलं. तयार ताडपत्र्या मोजक्याच दिसत होत्या. तिनं एक उलगडली. चारी काठ दुहेरी दुमडलेले होते, काठात जाड दोर घालून शिवला होता आणि हात-हातभर अंतरावर पितळी रिंगा ठोकल्या होत्या.

“मावशी, हे खूप सुंदर झालंय. पण आपलं ठरलं होतं ते सिंपल होतं ना? साधा काठ, चार कोपऱ्यांना चार रिंगा. असं केलं तर वेळ लागेल. दोनशे होतील?”

“होणार न्हाईत,” धनक्का म्हणाली. “दीडशे होतील. लई झालं तर थोडं वर.”

“अहो, पण आम्ही दोनशे कमिट केलेत!”

“चार कोपऱ्याला चार रिंगा मारून पाठवलं तर पहिल्या वाऱ्यातच फाटून उडतील. तुला दोनशे पतंग पाठवायचे हाईत का दीडशे छपरं?”

सुखदानं ऑफिसातल्या साहेबाला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, हे तिच्या लक्षात आलं नाही. साहेब हिंदीत म्हणाला, “उस कारीगर औरत से बोलो, जितना बोला है उतना करे. डिझाइन हम बताएंगे.”

मल्लाप्पानं प्लास्टरचा हात उगाच मांडीवरून उचलून परत मांडीवर ठेवला. चंद्राबाईनं पदर खोचला. सुखदाचे कान लाल झाले. तिनं घाईनं स्पीकर बंद केला, पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

धनक्कानं मशीनच्या चाकावर हात ठेवला. “त्यांना विचार, त्यांनी वादळ कुटं बघितलंय?”

सुखदानं फोन पिशवीत टाकला.

“टीव्हीवर बघितलं असंल. मी आत बसून बघितलंय,” धनक्का म्हणाली.

“वैनी,” ती चंद्राबाईला म्हणाली, “या पोरीला चहा दे. उभ्यानं तिला काय कळायचं न्हाई.”

चहा पिता पिता सुखदाला सगळं कळलं. निम्मं मल्लाप्पानं सांगितलं, निम्मं चंद्राबाईनं. धनक्का शिवतच होती.

सत्त्याहत्तर सालच्या नोव्हेंबरात कृष्णा नदी जिथं समुद्राला मिळते, त्या सखल मुलखात वादळाबरोबर समुद्रच आत घुसला होता. गावंच्या गावं धुऊन गेली. दहा हजारांवर माणूस गेलं. गुरं किती गेली त्याचा हिशेबच नाही. सरकारी छावणीसाठी ताडपत्र्या पोचवायचं काम अप्पासाहेबाकडं आलं होतं. तो लॉरीबरोबर स्वतः गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं एक मोठी गुंडाळी सोडायला घेतली, तर आत सहा वर्षांची एक पोर झोपलेली. बाहेर काढून बायकांच्या तंबूत नेलं की ती तासाभरात परत येऊन गुंडाळीत शिरायची. अप्पासाहेब तीन आठवडे थांबला. पोरीला न्यायला कुणी आलं नाही. छावणीच्या अधिकाऱ्यानं एक कागद करून दिला आणि अप्पासाहेब उरलेल्या ताडपत्र्या आणि पोर लॉरीत घालून बेंगळूरला आला.

“आमची आई, कस्तुराबाई, दारात उभी,” मल्लाप्पा सांगत होता. “म्हणाली, ताडपत्र्या द्यायला गेला होतासा न्हवं? बा म्हणाला, दिल्या की. ही उरली.”

चंद्राबाई हसता हसता डोळे पुसायला लागली. ही गोष्ट तिनं शंभरदा ऐकली होती आणि शंभरदा तसंच केलं होतं.

“मग मावशींना तेलुगू येतं?” सुखदानं विचारलं.

“न्हाई,” धनक्का मशीनवरून म्हणाली. “इथं आल्यापासून कधी बोलले न्हाई. गिऱ्हाईक तेलुगू आलं तरी मी कन्नडात बोलते.”

सुखदानं कप खाली ठेवला. बाहेर जाऊन तिनं परत फोन लावला आणि बराच वेळ बोलत राहिली. आत आली तेव्हा म्हणाली, “मावशी, तुम्ही म्हणाल तसं. जितक्या होतील तितक्या. आणि उद्या मी सुट्टी टाकतीये. हातांची कमी आहे ना?”

“हात दाखव बघू,” धनक्का म्हणाली. सुखदानं तळवे पुढं केले. धनक्कानं ते उलटसुलट बघितले, बाजारात भेंडी बघावी तसे. “कवळे हाईत. रिंगा ठोकायला चालतील.”

सोमवारी सुखदा तिघांना घेऊन आली. ऑफिसातली उल्का, शंतनु आणि चंदन. चौघं नव्या बुटांत, पाठीवर पिशव्या, जशी सहलच निघाली होती. चंद्राबाईनं त्यांना चपला-बूट काढून ताडपत्रीवर बसवलं. मल्लाप्पा खुर्चीवर बसून मास्तर झाला.

“असं भोक पाडायचं. एक ठोका. दोन न्हाई. मग खालनं रिंग, वरनं रिंग, आणि दाबून ठोका. बोट बाजूला ठेवायचं.”

पहिल्या तासात शंतनुनं अंगठा ठोकून घेतला. दुसऱ्या तासात उल्कानं शंतनुचाच दुसरा अंगठा ठोकला. चंदननं वीस रिंगा उलट्या मारल्या. त्या सगळ्या काढून परत माराव्या लागल्या. मल्लाप्पा डाव्या हातानं कपाळ धरून बसला.

“अण्णा, ओरडू नका,” धनक्का म्हणाली. “तुमी शिकत होता तवा बानं तुमची वीस न्हाई, सगळी ताडपत्री उसवली होती.”

“हे आता यांच्यासमोर सांगायची काय गरज होती?”

पोरं हसली. मग हात बसायला लागला. दुपारपर्यंत चौघांच्या हातोड्या एका लयीत पडू लागल्या. बोळातली माणसं डोकावून जायची. समोरचा चहावाला म्हणाला, “काय अक्का, कंपनी काढली काय?” चंद्राबाईनं परातभर भाकरी भाजल्या, झुणका केला आणि ठेचा. शंतनुनं ठेचा चटणी समजून बोटभर घेतला आणि नंतर बराच वेळ नळाखाली तोंड धरून उभा राहिला.

काम मात्र कठीण होतं. ताडपत्री जड असते. अठरा बाय बाराची एक ताडपत्री मशीनखालून सरकवायची तर दोघांनी दोन बाजूंनी उचलून धरावी लागते. सोमवारी संध्याकाळी सुखदाच्या दोन्ही हातांना फोड आले. तिनं ते कुणाला दाखवले नाहीत. मंगळवारी सकाळी चंद्राबाईनंच तिचे हात ओढून हळद-तेल लावलं आणि चिंध्या बांधल्या. धनक्काची पाठ आखडली होती. ती मशीनवरून उठायची ती एक हात कमरेवर ठेवून, अर्धी वाकून, तशीच न्हाणीपर्यंत जायची आणि तशीच परत यायची. कुणी ‘थांबा’ म्हणालं की म्हणायची, “वादळ थांबलंय काय?”

मंगळवारी दुपारी सुई मोडली. दुसरी घातली, तीही मोडली. मल्लाप्पानं डाव्या हातानं मशीन उघडलं, चंदननं मोबाईलचा उजेड धरला आणि दोघं तासभर मशीनच्या पोटात तोंड घालून बसले. शेवटी दोऱ्याचा एक गुंता निघाला. तेवढ्या तासात धनक्कानं दाभणानं हातशिवण करून एक पूर्ण काठ संपवला होता.

बुधवारी बारा वाजता लॉरी आली. एकशे त्र्याऐंशी ताडपत्र्या चढल्या. शेवटची चढेपर्यंत धनक्का तिच्या रिंगा ओढून बघत होती.

“स्वल्प लवकर करा अक्का,” ड्रायव्हर ओरडला. “रस्त्यात पाऊस आहे.”

“सरी सरी, जा,” म्हणत तिनं मागच्या फळीवर थाप मारली.

सगळे जिथं जागा मिळेल तिथं आडवे झाले. शंतनु दुकानाच्या फळीवरच झोपला. गिऱ्हाईक आलं तर चंद्राबाई त्याला ओलांडून माल देत होती.

गुरुवारी सकाळी लॉरी पोचल्याचा फोन आला. दुपारी तीनला परत फोन आला आणि सुखदा धावतच बोळात शिरली.

“मावशी, वसुमतीचा फोन आहे. शाळा तयार आहे. दुमजली इमारत, वरच्या व्हरांड्याला तुमच्या ताडपत्र्या बांधल्यात. पण लोक यायला तयार नाहीत. निम्मं गाव घरातच बसलंय. म्हणतात, चार वर्षांत तीनदा असंच सांगितलं, तीनदा शाळेत नेऊन बसवलं, काही झालं नाही. मागच्या वेळी घरातल्या कोंबड्या चोरीला गेल्या म्हणे.”

“मग पोलीस?” मल्लाप्पानं विचारलं.

“येणार आहेत, पण आसपास चाळीस गावं आहेत. एक म्हातारा सुतार आहे, होड्या बांधतो, भीमाचार्य म्हणून. त्याचं गाव ऐकतं. तो म्हणतो, होडी अर्धी झालीये, मी सोडून येत नाही. मावशी, तुम्ही बोला ना त्यांच्याशी.”

धनक्का एकदम मागं सरकली. “मी? काय बोलू? मला येत न्हाई गं.”

“जे येतं ते.”

“मला येत न्हाई म्हटलं न्हवं!” ती मोठ्यानं म्हणाली. बोळात कुणी तिचा असला आवाज ऐकला नव्हता.

मल्लाप्पा खुर्चीवरून उठला. जवळ जाऊन त्यानं डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला, ती पहिल्यांदा घरात आली तेव्हा ठेवला होता तसा.

“धने, चुकलं तर चुकलं. तिथं कोण तुला मार्क द्यायला बसलंय?”

वसुमतीनं तिकडं देवळाच्या भोंग्याचा माईक फोनपुढं धरला होता. इकडं सुखदानं फोन धनक्काच्या तोंडाशी नेला. पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता, आणि माणसांचा गलबला.

धनक्कानं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग ती बोलायला लागली.

तिची तेलुगू सहा वर्षांच्या पोरीची होती. जिथं थांबली होती तिथूनच ती सुरू झाली. चोपन्न वर्षांच्या बाईच्या जाड आवाजात पहिलीतल्या मुलीचे शब्द, आईला अम्मा, बापाला नान्ना. भोंग्यावरून ते गावभर गेले आणि गाव हसलं. फोनमधून ते हसू बोळात ऐकू आलं.

धनक्का थांबली नाही. आता थांबलं तर परत जमणार नाही, हे तिला कळलं होतं.

“मी धनम्,” ती म्हणत होती. “संध्याकाळ होती. अम्मा भात वाढत होती. वारा लई होता. शेजारचे म्हणाले चला, शेजारचे गेले. नान्ना म्हणाला, काय होत नाही, दरवर्षीचंच आहे. मला भात गरम लागला, मी फुंकत होते. मग पाणी आलं. झोपून नाही आलं. उभं राहून आलं. ताडाएवढं. नान्नानं मला झाडाला बांधलं, अम्माच्या लुगड्यानं. तो पण झाड धरून होता. मी म्हटलं नान्ना, थंडी वाजते. तो म्हणाला, झोपू नको. मग परत म्हटलं नान्ना. मग तो नव्हता.”

पलीकडे आता कुणी हसत नव्हतं. नुसता वारा.

मग एक म्हातारा आवाज माईकजवळ आला. “पोरी, पाणी कुठल्या बाजूनं आलं?”

“समुद्राकडून. आणि मग कालव्याकडून पण. दोन्हीकडून.”

“हं,” म्हातारा म्हणाला. मग लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज. वसुमती माईक सोडून फोनवर आली आणि हिंदीत पुटपुटली, “हत्यारं पिशवीत भरतोय. भीमाचार्य हत्यारं भरतोय!”

धनक्कानं फोन सुखदाच्या हातात दिला, मागं गेली आणि चुलीपुढं बसली. चंद्राबाई तिच्याजवळ जाऊन बसली. थोड्या वेळानं तिनं ताटात भात वाढला.

“लई गरम हाय, वन्सं. दमानं खावा.”

धनक्का फुंकर घालून जेवली.

शुक्रवारी दुपारी वादळ किनाऱ्यावर चढलं. टीव्हीवर वाकलेले माड दिसत होते. समुद्र आत शिरल्याचं सांगत होते. सत्त्याहत्तरनंतर एवढं पाणी आलं नव्हतं, असं एक माणूस छत्री उलटी झालेली असताना ओरडून सांगत होता. वसुमतीचा फोन लागेना. शनिवारी लागेना. सुखदा ऑफिसला गेली नाही, दुकानातच बसून राहिली आणि दर दहा मिनिटांनी फोन लावत राहिली. मल्लाप्पानं एका हातानं दुकानातल्या सगळ्या दोऱ्या गुंडाळल्या, मग परत सोडल्या. धनक्का मशीनवर बसून भाजीवाल्याच्या गाड्याचं छप्पर शिवत होती. शिवण एकदाही वाकडी गेली नाही. पण जेवायला ती उठली नाही.

रविवारी अकराच्या सुमाराला फोन वाजला.

“वसू!” सुखदा किंचाळली. ऐकता ऐकता ती खाली बसली. मग हसायला लागली, मग रडायला, मग दोन्ही. “सगळे आहेत. हजेरी घेतलीये तिनं. चारशे सदतीस. सगळेच्या सगळे! गावात छातीभर पाणी होतं, घरं गेली, पण माणूस एक नाही गेलं. ताडपत्र्या टिकल्यात, मावशी!”

मल्लाप्पानं आनंदानं टाळी वाजवायला दोन्ही हात उचलले आणि प्लास्टरमुळं “आई गं” म्हणून ओरडला. चंद्राबाई देवापुढं साखर ठेवायला आत पळाली. बाहेर चहावाला विचारत होता, काय झालं, काय झालं. धनक्कानं मशीनचं चाक हातानं थांबवलं आणि डोकं मशीनवर टेकवलं. तिचे खांदे हलत होते.

“मावशी, थांबा, कुणाला तरी तुमच्याशी बोलायचंय.”

फोनमधून म्हाताऱ्याचा आवाज आला. भीमाचार्य चिडला होता. त्याची होडी त्याला न विचारता गेली होती. अर्धी होडी, तळ नाही, वल्हं नाही, तरी तरंगत गेली आणि शाळेमागच्या शेतात जाऊन बसली. आता ती समुद्राकडं परत ओढून कोण नेणार? आणि शाळेतला भात रोज कच्चा. आणि तीन रात्री जिन्यावर बसून पाठीचं लाकूड झालं. हे सगळं त्या पोरीमुळं, जी भोंग्यावरून बोलली.

धनक्का ऐकत राहिली. तिला निम्मं कळत होतं, पण ती हसत होती, आणि नाक पदरानं पुसत होती.

सगळी तक्रार संपल्यावर म्हाताऱ्यानं विचारलं, “तू कुणाची गं?”

“अप्पासाहेबाची,” ती म्हणाली. “ताडपत्रीवाल्याची. बेंगळूर.”

“ते नव्हे. इकडची. कुठल्या गावची?”

“माहीत नाही. गावाचं नाव कुणी सांगितलंच नव्हतं मला. मी लहान होते.”

पलीकडून शाळेतले आवाज येत होते. मागं भांड्यांचा आवाज, पोरांचा दंगा, कुणीतरी कुणालातरी हाका मारत होतं.

“नाव माहीत नसेल तर हेच गाव तुझं धर,” तो म्हणाला. “संक्रांतीपर्यंत होडी पुरी करतो. पाण्यात सोडायच्या दिवशी तू ये.”

“वस्तानु,” धनक्का म्हणाली. येते.

फोन ठेवून ती पदरानं तोंड पुसत उठली. कमरेवर हात, अर्धी वाकलेली, तशीच दुकानाच्या दारापर्यंत गेली. बोळात आता चांगलं ऊन पडलं होतं. चंद्राबाईची लुगडी दोरीवर फडफडत होती.

“अण्णा,” ती म्हणाली, “संक्रांतीला चार दिवस दुकान बंद ठेवायचं.”

“का गं?” मल्लाप्पानं विचारलं.

“मला गावाला जायचंय.”